कृषी खात्यातील लिपिकवर्गीय संघटनेची 'उपलब्धी': कार्यअहवालात नेमकं काय लिहायचं?

जावकबारनिशी

त्रैवार्षिक अधिवेशनाची पुस्तिका छापायची आहे. 'संघटनेच्या उपलब्धी' हे पान दर वेळी तेच असतं: सातवा वेतन आयोग मिळवला, पाच दिवसांचा आठवडा मिळवला, आश्वासित प्रगती (पदोन्नती न होता ठराविक वर्षांनी वरचा वेतनस्तर) मिळवली. खाली हारतुऱ्यांचे फोटो. वाचणारा तालुक्याचा लिपिक विचारतो, यात आपल्या संघटनेचं काय? आणि मिळालंच असेल तर माझ्या पगारपत्रकात ते कुठे दिसतं?

मी तीन गठ्ठे केले आहेत.

पहिला, सगळ्या राज्य कर्मचाऱ्यांना मिळालेलं. ते कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीच्या लढ्यातून आलं, आपण त्यातले एक. दुसरा, फक्त कृषी खात्यातलं: पदोन्नतीच्या बैठका, ज्येष्ठता याद्या, पदनाम, आकृतिबंध (मंजूर पदांची रचना). तिसरा, एकेका माणसाची सोडवलेली प्रकरणं: थांबलेली वसुली, अडकलेलं निवृत्तिवेतन, रद्द झालेली बदली.

माझं मत असं की पहिला गठ्ठा अर्ध्या पानात आटपावा आणि तिसऱ्याला सर्वात जास्त जागा द्यावी. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर कान धरावेत. शासन निर्णयाचा दिनांक दिलात तर बरं, 'मागे एक जीआर आला होता' हे छापता येत नाही.

रोकडवही

पहिला गठ्ठा अर्ध्या पानात आटपू नका. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप, कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा, केंद्राच्या दराने महागाई भत्त्यासाठी होता. आज महागाई भत्त्याची थकबाकी निघाली की लोक फक्त 'कधी जमा होणार' एवढंच विचारतात. नव्या भरतीच्या मुलांना हा इतिहास माहीत नाही. त्या संपात आपल्या खात्याचे लोकही होते.

टिपणी_पान_तीन

इतिहास लिहा, पण 'आम्ही मिळवला' असं लिहू नका, 'आम्ही सहभागी होतो' असं लिहा. या दोन वाक्यांत फरक आहे आणि सभासदांना तो कळतो.

आश्वासित प्रगतीचे दिनांक देतो, यात बरेच जण गोंधळतात.

८ जून १९९५ चा शासन निर्णय: कालबद्ध पदोन्नती, एकाच पदावर १२ वर्षं झालेल्या गट क आणि ड साठी, अंमल १ ऑक्टोबर १९९४ पासून. २० जुलै २००१: योजनेचं नाव सेवांतर्गत आश्वासित प्रगती झालं. १ एप्रिल २०१०: दुसरा लाभ आला, म्हणजे १२ आणि २४ वर्षांनी, अंमल १ जानेवारी २००६ पासून. २ मार्च २०१९: तीन लाभ, १०, २० आणि ३० वर्षांनी, अंमल १ जानेवारी २०१६ पासून.

आस्थापना_दोन

एक दुरुस्ती. २०१० च्या निर्णयाचा अंमल १ ऑक्टोबर २००६ पासून आहे, १ जानेवारी नव्हे. सहाव्या आयोगाची तारीख डोक्यात असते म्हणून ही चूक होते. सेवापुस्तकातही हीच चूक सापडते आणि वेतन पडताळणी पथक ती बरोबर पकडतं.

टिपणी_पान_तीन

बरोबर, १ ऑक्टोबर २००६. धन्यवाद.

आस्थापना_दोन

आश्वासित प्रगती पुस्तिकेत लिहायची असेल तर 'योजना मिळाली' हे लिहून उपयोग नाही. किती जणांचे आदेश निघाले ते लिहा. योजना २०१९ ची आणि आदेश अजून फाईलमध्ये, ही स्थिती अनेक कार्यालयांत असते. अडतं कुठे ते सांगतो.

लाभ म्हणजे पदोन्नती नव्हे, पण पात्रता पदोन्नतीचीच लागते. म्हणून प्रस्तावात पदोन्नतीच्या प्रस्तावाला लागतात तेच कागद हवेत: सेवाप्रवेशोत्तर परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आदेश, टंकलेखन प्रमाणपत्र (मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, नियुक्ती आदेशात जे लिहिलं असेल ते), संगणक अर्हता, गोपनीय अहवालांची प्रतवारी, विभागीय चौकशी नसल्याचा दाखला, मत्ता व दायित्वाची विवरणपत्रं. शेवटचा कागद सगळे विसरतात. ३१ मार्चची स्थिती ३१ मेपर्यंत द्यायची असते. मधल्या एखाद्या वर्षाचं विवरण नसलं की प्रस्ताव परत.

पदोन्नती नाकारलेली असेल तर आश्वासित प्रगतीचाही लाभ जातो. तालुका सोडायचा नाही म्हणून नकार लिहून देणाऱ्याला हे त्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं. संघटनेचं खरं काम ते.

एक जागा मात्र चटकन सुटण्यासारखी आहे. १ मार्च २००५ ला लागलेला लिपिक, मध्ये पदोन्नती नाही. जुन्या १२ वर्षांच्या हिशेबाने त्याला पहिला लाभ १ मार्च २०१७ ला दिला गेला. नव्या योजनेत १ जानेवारी २०१६ ला त्याची १० वर्षं आधीच झालेली होती, म्हणून तारीख १ जानेवारी २०१६ वर आणून १४ महिन्यांचा फरक काढायचा. २०१६ ते २०१९ या काळात निघालेले सगळे जुने आदेश पुन्हा तपासायला हवेत. किती कार्यालयांनी तपासले, हा आकडा पुस्तिकेत द्या. तो तुमच्या हातातला आहे.

खरीपरब्बी

वेतननिश्चितीचं एक उदाहरण द्याल का? तोंडी सांगून लोकांना कळत नाही.

आस्थापना_दोन

लिपिक एस-६ मध्ये, म्हणजे १९,९००-६३,२०० च्या स्तरात. वरिष्ठ लिपिक एस-८, २५,५००-८१,१००. समजा लाभाच्या दिवशी मूळ वेतन २६,०००. एस-६ मध्येच एक वेतनवाढ द्या, २६,८०० झाले. आता एस-८ च्या रकान्यात तेवढीच किंवा लगतची पुढची रक्कम शोधा: २५,५००, २६,३००, २७,१००. म्हणजे २७,१००. एवढंच.

चूक दोन ठिकाणी होते. वेतनवाढ न देता थेट २६,००० ची पुढची रक्कम धरली तर २६,३०० येतात, कर्मचाऱ्याचे दरमहा ८०० रुपये जातात, वर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. दुसरी चूक विकल्पाची. लाभाच्या दिनांकापासून निश्चिती की पुढच्या वेतनवाढीच्या दिनांकापासून, हा विकल्प आदेश मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी द्यायचा असतो. आस्थापना लिपिक स्वतःच लाभार्थी असूनही विकल्प द्यायला विसरतो, असा आपला संवर्ग.

पुढची वेतनवाढ कधी, तेही पाहा. लाभ २ जानेवारी ते १ जुलै दरम्यान असेल तर पुढची वाढ १ जानेवारीला, २ जुलै ते १ जानेवारी दरम्यान असेल तर १ जुलैला. सातव्या आयोगाच्या २०१९ च्या नियमांनी दोन तारखा आणल्या, तरी काही ठिकाणी हाताने लिहिताना सगळ्यांना जुलैच लावतात. सेवार्थमध्ये (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) एक आणि सेवापुस्तकात दुसरं.

मोजमापपुस्तिका

दुसऱ्या गठ्ठ्याबद्दल. आपल्या खात्याचं दुखणं असं की लिपिक आणि वरिष्ठ लिपिकांची भरती विभागीय कृषी सहसंचालकांच्या पातळीवर होते. राज्यात कृषीचे आठ विभाग: ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती, नागपूर. आठ विभाग म्हणजे आठ ज्येष्ठता याद्या. एकाच वर्षी लागलेले दोन लिपिक, एकाची पदोन्नती आठव्या वर्षी, दुसऱ्याची पंधराव्या वर्षीही नाही, असं या रचनेतच होऊ शकतं. त्यामुळे 'पदोन्नत्या मार्गी लावल्या' असं एका ओळीत लिहू नका. विभागवार तक्ता द्या: १ जानेवारीची ज्येष्ठता यादी कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाली, हरकती किती, अंतिम कधी, पदोन्नती समितीची बैठक कधी, आदेश कधी.

निवडसूचीचं (पदोन्नतीस पात्र लोकांच्या यादीचं) वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट आहे. म्हणजे सप्टेंबरच्या आत सगळी तयारी हवी. प्रत्यक्षात बिंदुनामावलीवर (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीवर) गाडी अडते. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून आणल्याशिवाय बैठक होत नाही. नोंदवही नेली की पंधरा वर्षांपूर्वीच्या नियुक्तीचा प्रवर्ग चुकीचा लिहिलेला सापडतो, जात वैधता जोडलेली नसते, बदलीने आलेल्याचा बिंदू दोनदा धरलेला असतो. नोंदवही परत. दोन फेऱ्या झाल्या की मार्च येतो, मग मार्चअखेर, मग बदल्या. ज्या विभागात संघटनेच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी बसून बिंदुनामावली लिहून दिली, तिथे पदोन्नत्या झाल्या. ही खरी उपलब्धी, पण हिचा फोटो निघत नाही.

बांधबंदिस्ती

+१. मोर्चापेक्षा नोंदवही जड.

एक भर. १ जुलै १९९८ ला एक खिडकी योजना आली, मृदसंधारण, फलोत्पादन आणि कृषी विस्तार एका छत्राखाली आले. तेव्हा वेगवेगळ्या आस्थापनांवरचे लिपिक एकत्र झाले आणि ज्येष्ठतेचे वाद तिथून सुरू झाले. जुन्या लोकांचे वाद आता निवृत्तीने मिटत आलेत, पण एक शेपूट उरलंय: तेव्हाची जडसंग्रह नोंदवही, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाची वही. कार्यालयं एकत्र झाली, सामान एकत्र झालं, नोंदवह्या झाल्या नाहीत. पंप, लेव्हल मशीन, लोखंडी कपाटं, मागच्या योजनांमधली अवजारं, कागदावर आहेत आणि खोलीत नाहीत. भांडार सांभाळणारा लिपिक निवृत्त होताना 'ना देय' दाखला मिळेना.

यावर करायचं ते असं: निवृत्तीच्या दोन वर्षं आधी प्रत्यक्ष पडताळणी मागायची, तीही लेखी. सापडत नाही त्या वस्तूंची वेगळी यादी, खरेदीचं वर्ष आणि पुस्तकी किंमत लिहून. निर्लेखनाचा (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे. प्रभार देताना-घेताना दोघांच्या सह्यांची यादी नसेल तर ती आत्ता करा. तोंडी प्रभार घेणारा शेवटी स्वतःच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) भरतो.

खरीपरब्बी

मृदसंधारणाच्या कामांवरचे लेखापरीक्षण आक्षेपही त्यात धरा. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची वही) सापडत नाही, म्हणून जबाबदारी सगळ्यांवर वाटून लावतात, त्यात देयक पारित करणाऱ्या शाखेतला लिपिकही येतो. त्याने मोजमाप केलेलं नसतं.

रोकडवही

वसुलीचा विषय निघालाच आहे तर सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल, पंजाब राज्य विरुद्ध, १८ डिसेंबर २०१४, हा प्रत्येक तालुकाध्यक्षाच्या खिशात हवा. त्यात पाच परिस्थिती सांगितल्या आहेत जिथे जादा दिलेल्या वेतनाची वसुली करता येत नाही: वर्ग तीन आणि चारचे (म्हणजे गट क आणि ड) कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा एका वर्षात होणारे, जादा प्रदान पाच वर्षांहून जुनं असेल तर, वरच्या पदाचं काम चुकीने करायला लावून त्या पदाचं वेतन दिलं असेल तर, आणि वसुली अन्यायकारक, कठोर ठरेल अशी इतर प्रकरणं.

आपला सगळा संवर्ग पहिल्याच मुद्द्यात बसतो. तरीही वसुली लावतात.

टिपणी_पान_तीन

लावतात, कारण त्यांच्या हातात २०१६ चा जगदेव सिंग निकाल असतो. वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असं वचनपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते, असा तो निकाल. तो कर्मचारी वर्ग तीनचा नव्हता, न्यायिक अधिकारी होता, हा फरक उत्तरात ठासून मांडायचा.

पुढची पायरी वचनपत्राची प्रत मागायची. ते कोणत्या वेतननिश्चितीचं, कोणत्या तारखेचं? वसुली १९९५ च्या योजनेतल्या चुकीची आणि वचनपत्र २००९ च्या सुधारित वेतन नियमांच्या वेळचं, असं असेल तर ते त्या चुकीला लागू होत नाही असं म्हणता येतं. पुष्कळदा वचनपत्र सेवापुस्तकात नसतंच. निवृत्तीच्या तोंडावर 'इथे सही करा' म्हणून कोरा नमुना पुढे येतो. सही करू नये. केलीच तर तारीख स्वतःच्या हाताने, त्या दिवसाची घालावी.

संगणक अर्हतेचं प्रकरण वेगळं. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत परीक्षा उत्तीर्ण झाली नाही म्हणून वेतनवाढी रोखणं, आणि तेव्हा न रोखता वर्षानुवर्षं दिल्या म्हणून आता वसुली, या दोन बाबी स्वतंत्र आहेत. अर्जात एकत्र करू नका. वेतन पुन्हा निश्चित करण्याला विरोध वेगळा, झालेल्या प्रदानाच्या वसुलीला विरोध वेगळा. दुसरा जिंकता येतो, पहिला बहुधा नाही.

जावकबारनिशी

हे फारच कामाचं. म्हणजे तिसऱ्या गठ्ठ्यात 'वसुली थांबवलेली प्रकरणं' असा स्वतंत्र भाग. नावं न देता, पदनाम, वसुलीचं कारण आणि काय मांडलं म्हणून थांबली तेवढंच.

बदल्यांचं कसं लिहावं? त्यावर सभासद सर्वात जास्त नाराज असतात.

मोजमापपुस्तिका

बदल्यांत उपलब्धी सांगताना जपून. २००५ चा बदल्यांचा कायदा १ जुलै २००६ पासून लागू आहे. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याने त्याच कार्यालयात दोन पूर्ण पदावधी, म्हणजे सहा वर्षं काढली की त्याला हलवायचं. बदल्या एप्रिल-मेमध्ये, अवेळी असेल तर कारणं लेखी नोंदवून आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन. हे कायद्यातच आहे, संघटनेने मिळवलेलं नाही.

संघटनेने मिळवायचं ते समुपदेशन, म्हणजे रिक्त जागा समोर ठेवून कर्मचाऱ्याला निवडू देणं. ९ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने समुपदेशनाने बदल्यांची पद्धत घालून दिली. तिचा कस रिक्त पदांच्या यादीवर लागतो. यादी समुपदेशनाच्या आधी लावली का, की सोयीच्या जागा झाकून ठेवल्या? सकाळी नऊला यादी भिंतीवर आणि दहाला समुपदेशन, याला समुपदेशन म्हणत नाहीत. जिथे यादी निदान आठवडाभर आधी मिळवली, तिथली तारीख लिहा.

आणि पदाधिकाऱ्यांना बदलीतून मिळणारी सवलत उपलब्धीत घालू नका. सभासद हसतात.

बांधबंदिस्ती

हसत नाहीत, चिडतात.

खरीपरब्बी

कृषी सहायकांच्या संघटनेकडून शिकण्यासारखं आहे. २०२५ च्या मे महिन्यातलं आंदोलन पाहा. मागण्या मोजक्या आणि ठळक: पदनाम बदला, ऑनलाइन कामाला लॅपटॉप द्या, कृषी सेवकाचा (कायम होण्याआधीच्या कृषी सहायकाचा) मानधनाचा काळ रद्द करा, गावपातळीवर मदतनीस द्या. कृषी सहायक 'सहायक कृषी अधिकारी' झाले, पर्यवेक्षक 'उप कृषी अधिकारी' झाले. त्याआधी कृषी सेवकांचं मानधन ६,००० वरून १६,००० झालेलं होतं. त्यांचा दबाव चालला कारण पंचनामे, महाडीबीटी, पीक विमा, सगळं त्यांच्या मोबाईलवर अडतं.

लिपिकांचं काम थांबलं तर काय अडतं? पगारबिल. पण ते स्वतःचंही असतं!

आस्थापना_दोन

पदनाम बदललं, वेतनस्तर बदलला नाही, हेही लिहा. पदनाम बदलाची कारकुनी आपल्याच टेबलावर आली: सेवापुस्तकात नोंद, सेवार्थमध्ये पदाचं नाव, ओळखपत्र, शिक्के. सेवापुस्तकातली नोंद राहिली तर वीस वर्षांनी महालेखापाल विचारणार की हा माणूस 'कृषी सहायक' होता तो 'सहायक कृषी अधिकारी' कोणत्या पदोन्नती आदेशाने झाला. नोंद करताना 'पदनाम बदल, पदोन्नती नव्हे, वेतनस्तर कायम' एवढे शब्द हवेत आणि शासन निर्णयाचा क्रमांक. नाहीतर कुणीतरी त्यालाच आश्वासित प्रगतीचा एक लाभ मोजेल.

जावकबारनिशी

निवृत्तिवेतनाचा भाग कोण सांगेल?

रोकडवही

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी योजना बंद झाली. १४ ते २० मार्च २०२३ असा सात दिवसांचा संप झाला. त्याच्या आगेमागे काय पदरात पडलं ते लिहा, कारण 'संपातून काही मिळालं नाही' ही समजूत खोटी आहे. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाला तर कुटुंबनिवृत्तिवेतन, आजारपणाने सेवा सोडावी लागली तर रुग्णता निवृत्तिवेतन, आणि उपदान आलं. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि रुजू दिनांक नंतरचा, त्यांना जुन्या योजनेचा एक वेळचा विकल्प मिळाला.

पण विकल्प दिला म्हणजे काम झालं असं नाही. जाहिरातीची प्रत लागते, आणि वीस वर्षांपूर्वीची जाहिरात कार्यालयात बहुधा नसते. रोजगार व स्वयंरोजगार कार्यालयाला पाठवलेलं मागणीपत्र, जिल्हा ग्रंथालयातली त्या तारखेची वृत्तपत्रं, निवड यादीवर छापलेला जाहिरात क्रमांक, या तिन्हीकडे शोधायचं. प्रत मिळाली की एकाच भरतीतल्या सगळ्यांना उपयोगी पडते. संघटनेने प्रत्येक भरतीची जाहिरात जमवून ठेवली असेल तर तो पुस्तिकेतला सर्वात मोठा मुद्दा करा.

आदेश झाल्यावर राष्ट्रीय योजनेचं खातं बंद, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, स्वतःची वर्गणी तिकडे वळती, हे सगळं झालं का ते दर महिन्याला विचारावं लागतं.

संपाच्या त्या सात दिवसांची सेवापुस्तकात नोंद कशी झाली आहे, तेही एकदा उघडून पाहावं. कोरे सोडलेले सात दिवस पुढे सेवाखंड म्हणून दिसू शकतात.

टिपणी_पान_तीन

निवृत्तीच्या प्रकरणांसाठी काम करणाऱ्यांना उपयोगी म्हणून: विदर्भ आणि मराठवाड्याची प्रकरणं महालेखापाल नागपूरकडे, बाकीची मुंबईकडे. दोन वर्षं आधी सेवापुस्तक हाती घ्यायचं, त्याआधी वेतन पडताळणी पथकाकडून ते तपासून आलेलं हवं, आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जायला हवं.

आक्षेप ठरलेले असतात. एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद नाही: त्या वर्षाची वेतनदेयकं कोषागारातून किंवा जुन्या कार्यालयातून काढावी लागतात, आणि कृषीत माणूस पाच तालुके फिरलेला असतो. कायमतेचा आदेश नाही. हिंदी-मराठी भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, याची नोंद नाही. गटविमा वर्गणीचा बदल नोंदलेला नाही. नाव बदललेल्या महिला कर्मचाऱ्याचं राजपत्र जोडलेलं नाही. कालबद्ध पदोन्नतीच्या वेळी विकल्पाचा कागद नाही. यातलं एकही काम अवघड नाही, फक्त शेवटच्या महिन्यात सगळं एकदम अवघड होतं.

३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची १ जुलैची काल्पनिक वेतनवाढ (फक्त निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरायची) विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ एप्रिल २०२३ चा. जन्मतारीख २ जून ते १ जुलै दरम्यान असलेल्यांची यादी प्रत्येक जिल्ह्याने काढून ठेवावी. शाळेत घालताना जूनची तारीख लावलेले आपल्याकडे किती जण आहेत ते सांगायला नको.

उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली, हेही पहिल्या गठ्ठ्यात.

खरीपरब्बी

मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जिंकलेली प्रकरणं उपलब्धीत येतात का? संघटनेने खर्च उचलला असेल तर?

मोजमापपुस्तिका

येतात. पण एक अट लक्षात ठेवा. संघटनेच्या एकट्या नावाने अर्ज टिकत नाही, बाधित कर्मचाऱ्यांपैकी निदान एक जण अर्जदार म्हणून सोबत लागतो आणि कोणत्या संवर्गासाठी अर्ज आहे ते लिहावं लागतं. आदेश मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत. आधी निवेदन द्यायचं, सहा महिने उत्तराची वाट पाहायची, मग पुढचं एक वर्ष. लोक स्मरणपत्रावर स्मरणपत्र पाठवत राहतात आणि समजतात की मुदत वाढते आहे. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. हेच सर्वात जास्त प्रकरणं बुडवतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, हा आपल्या राज्याचा नियम आहे. ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली आणि बैठकीचं इतिवृत्त एका अर्जात मागितलं की फेटाळायला निमित्त मिळतं. तीन अर्ज, तीन वेळा १० रुपये.

बांधबंदिस्ती

संघटनेच्या स्वतःच्या घराकडेही बघा. निवडणूक झाली, नवी कार्यकारिणी आली, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत दाखल केला का? केला नसेल तर कागदोपत्री जुनेच पदाधिकारी. मग दोन गट होतात, दोघेही आयुक्तांना निवेदन देतात, आणि प्रशासन दोघांनाही बैठकीला बोलवत नाही. लेखापरीक्षण अहवाल, वर्गणीची पावती पुस्तकं, सभेचं इतिवृत्त. दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासणाऱ्यांची स्वतःची नोंदवही कोरी, असं होऊ नये.

टिपणी_पान_तीन

जावकबारनिशी, तुमच्या पानासाठी रकाने सुचवतो: विषय, पहिल्या निवेदनाचा जावक क्रमांक व दिनांक, बैठकीच्या इतिवृत्ताचा दिनांक, आदेशाचा क्रमांक, किती जणांना देय, किती जणांना प्रत्यक्ष मिळालं, उरलेल्यांचं कुठे अडलं. शेवटचा रकाना कुणी छापत नाही. तो छापा.

शासन निर्णयाचा १८ आकडी सांकेतांक द्या. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा कागद शासनाच्या संकेतस्थळावर त्या सांकेतांकाने उघडला नाही तर पुस्तिकेत घालू नका. मसुदा किंवा प्रस्ताव 'निर्णय' म्हणून छापला की पुढची तीन वर्षं उत्तरं द्यावी लागतात.

जावकबारनिशी

रकाने घेतले. पाच दिवसांचा आठवडा, २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा, पहिल्या गठ्ठ्यात एका ओळीत टाकतो. खरिपाच्या हंगामात आपल्याकडे शनिवार किती पाळला जातो, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

अजून एक. 'किती जणांना प्रत्यक्ष मिळालं' हा आकडा जिल्ह्यांकडून मागवायचा तर कोणत्या कागदावरून? तोंडी आकडे नकोत.

आस्थापना_दोन

आदेशाचा आकडा नको, वेतनदेयकाचा घ्या. आदेश निघालेले आणि फरक काढलेले यांत दरी असते. प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (पगारबिलावर सही करणाऱ्याकडून) तीन रकान्यांची यादी: आदेश दिनांक, सेवार्थमध्ये नवं मूळ वेतन ज्या महिन्यापासून दिसलं तो महिना, फरकाच्या देयकाचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक. तिसरा रकाना कोरा असेल तो माणूस 'मिळालं' मध्ये धरू नका. अनुदान नव्हतं म्हणून फरक मार्चमध्ये परत गेला, असं बहुतेक ठिकाणी उत्तर येईल. मग पुढच्या वर्षीच्या सुधारित अंदाजपत्रकात ती मागणी घातली का, ते लगेच विचारून घ्या.

जावकबारनिशी

नमुना तयार करून रविवारी इथेच टाकतो. विभागवार ज्येष्ठता याद्यांच्या तारखा कुणाकडे असतील तर तोवर द्या. लातूर आणि अमरावतीच्या माझ्याकडे नाहीत.